साडूने दिलेली चमक

बेला गावात नवरदेव कोणाचाही असो, गाडी भगवानरावचीच. पत्रिका छापायला टाकायच्या आधी लोक त्याच्या अंगणात येऊन तारीख सांगून जायचे. बँडवाले आदिलाबादहून आणता येतात, आचारी कोणीही चालतो, पण ती पांढरी गाडी एकच आणि तिच्याशेजारी खांद्यावर फडकं टाकून उभा असलेला माणूसही एकच. तशा गाड्या गावात पुष्कळ झाल्यात. कापसाला जरा बरा भाव लागला की कोणाच्या तरी दारात नवी गाडी येते आणि तिच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षभर निघत नाही, घरातल्या नव्या सुनेपेक्षा त्या सीटला जास्त जपतात. पण भगवानरावच्या गाडीच्या चाकांत बघून करवल्या कुंकू सारखं करायच्या, असं आमच्या गल्लीत सांगतात. गल्लीला वाढवून सांगायची सवय आहे. तरी यात पदरचं फार थोडं.

गाडी त्याचीच का, याचं दुसरं कारण चाकांपेक्षा मोठं होतं. भगवानराव पीत नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी कोरडा ड्रायव्हर मिळणं किती कठीण, हे ज्याने वऱ्हाड नेलंय त्याला विचारा. मुलीकडच्या बाया आधी तेच विचारत, "भगवानरावच येऊन राह्यला ना?" हो म्हटलं की त्या पुढच्या कामाला लागत. त्याच्या सासऱ्याने रेणुकाबाई दिली तीसुद्धा एवढ्याच गुणावर. रंग पाहिला असता तर दिली नसती आणि बोलणं ऐकलं असतं तर मुळीच नसती, कारण भगवानराव चार माणसांत बसला की त्याच्या तोंडून हं आणि हूं याशिवाय काही निघत नाही. रेणुकाबाईने त्याच्या वाटचंही बोलून संसार बरोबरीत आणला. पण न पिणारा माणूस हे त्याचं नाव होतं, आणि त्या नावावर ते घर चालत होतं.

गाडी यायच्या आधी तो बैलगाडी हाकायचा. बैल गेले, तरी बैलांची सवय गेली नाही. पोळ्याच्या दिवशी गावात उरलेसुरले बैल नदीवर जातात, तेव्हा भगवानराव गाडी घेऊन जातो. घासतो, पुसतो, हळदीचा टिळा लावतो. गाडीला शिंगं नसल्यामुळे आरशांना बेगड चिकटवतो. बैलाच्या खुरांना तेल चोळून काळीभोर करतात ना, तसं टायरांना काहीतरी चोळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. टायर म्हणजे गाडीचे खूर, हे त्याचं ठाम मत. लोक हसायचे. तो हं म्हणायचा.

ही हौस पुरवताना त्याने काय काय वापरलं, ते विचारू नका. कपड्यांची पावडर झाली, भांड्यांची झाली. एकदा खोबरेल तेल लावलं, तर गाडी गावाबाहेर जाऊन येईपर्यंत टायरांवर एवढी धूळ बसली की चाकं पिठात घोळल्यासारखी दिसायला लागली. मग एक दिवस रेणुकाबाईची संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली दिसली. संडास एवढा पांढरा होतो तर चाक का नाही, असा सरळ विचार. अ‍ॅसिड फसफसलं, मळ गेला, भगवानराव खूश झाला, आणि ऊन चढल्यावर बघतो तर चाकाच्या धातूवर पांढरट डाग. घासून जाईनात. पुढचं डावं चाक उन्हात भाजलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. रेणुकाबाईचा संताप चाकासाठी नव्हता, बाटलीसाठी होता. "चाकाले लावता तर चाकाची वस्तू आणा ना बाप्पा! माया संडासातली काऊन घेता?"

बाई बोलली ते बरोबर होतं. भगवानराव आदिलाबादला साडूच्या दुकानात गेला.

साडू म्हणजे सुधाकर. रेणुकाबाईची धाकटी बहीण सुवर्णा त्याच्या घरात. बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीटकव्हर, पायपुसणी, सेंटच्या बाटल्या, डॅशबोर्डवर मान हलवणारे देव, सगळं एका दोरीला टांगलेलं. सुधाकर जिभेने साखर वाटणारा. गिऱ्हाइकाशी हिंदी, ऑफिसवाल्यांशी तेलुगू, घरच्यांशी आपली बोली, आणि तिन्हींत तेवढाच गोड. भगवानरावला तो फार आवडायचा. जो माणूस स्वतः बोलत नाही, त्याला बोलणारा माणूस फार शहाणा वाटतो.

"सुधाकर," भगवानराव म्हणाला, आणि त्याच्या मानाने हे मोठं भाषण होतं, "चंपतरावच्या वैभवचं लगन हाय. नवरदेव माया गाडीत. चाकाले डाग नाई पडले पायजे अन रबर खराब नाई झालं पायजे, असं काई दे. डोकं लावून दे."

कपाटात रांगेने बाटल्या होत्या, झाकणाला सील, पाठीवर बारीक अक्षरं. भगवानरावने एक उचलली. सुधाकरने ती त्याच्या हातातून हळूच काढून परत जागेवर ठेवली.

"हे परक्यासाठी साडूभाऊ. तुमाले कायले सीलबंद? तुमाले घरचा माल देतो."

मागच्या खोलीत एक निळा ड्रम होता. त्यातून त्याने थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत पिवळसर तेलकट पाणी भरलं. वासाने भगवानरावच्या नाकपुड्या फुलल्या.

"चाकाले चालते?"

"चाकाले चालते, टायरले चालते. काच होते पाहा काच!"

"सप्पा, साऱ्या टायरले लावू? जमिनीले टेकते तिथंबी?"

"लावा ना! बैलाच्या खुराले तेल लावता तवा कायी जागा सोडता का? हात आखडता घेऊ नका, आपलंच हाय."

भगवानराव बाटली मांडीवर घेऊन बेल्याला आला. साडूने कपाटातली बाटली काढून घेतली, याचा त्याला अभिमानच वाटला. परक्यांना कपाटातलं, आपल्याला आतलं.

लग्नाच्या सकाळी थंडी होती. कापूस वेचायचे दिवस, शेताशेतातून पांढरं दिसतंय, रस्त्यावर दव. भगवानराव उजाडताच अंगणात उतरला. बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि चाकांच्या दांड्यांमधून आत बाहेर पिचकाऱ्या मारल्या. मग फडक्याने टायर चोळले. बाजू चोळली, कड चोळली, गाडी ढकलून जमिनीला टेकलेला भागही वर आणला आणि चोळला. हात आखडता घेतला नाही.

आतून रेणुकाबाई ओरडली, "काय शिंपडून राह्यले वो? डोळे झोंबले माये!"

"सुधाकरनं देल्लं."

बहिणीच्या घरचं म्हटल्यावर रेणुकाबाईने दार लोटून घेतलं आणि डोळे पदराने पुसले.

चाकं अशी दिसत होती की भगवानराव दोन पावलं मागे जाऊन उभाच राहिला. गल्ली जमली. बायांनी खरंच वाकून पाहिलं. फाटकातून बाहेर काढताना गाडी जराशी घसरल्यासारखी झाली, पण दव पडलंय म्हणून त्याने सोडून दिलं.

नवरदेव वैभव मागे बसला. शेजारी त्याची आत्या बयनाबाई, मांडीवर आहेराचं गाठोडं. बयनाबाई म्हणजे चंपतरावची बहीण, आणि बोलायला लागली की लाऊडस्पीकरवाला आपली वायर काढून घेतो अशी बाई. गाडी गावाबाहेर पडली. पुलाच्या अलीकडच्या वळणावर समोर कापसाने शिगोशीग भरलेली बैलगाडी आली. भगवानरावने ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही.

त्याने पुन्हा दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून. गाडी तशीच पुढे सरकत राहिली, तेल लावलेल्या पाटावरून सुपारी सरकावी तशी. बैलगाडी चुकवायला त्याने स्टिअरिंग ओढलं आणि पांढरी गाडी नवरदेवासकट कापसाच्या शेतात शिरली. झाडं मोडत मोडत ती थांबली. वैभवच्या फेट्यावर बोंडं अडकली. बैलांनी मान वळवून पाहिलं आणि ते पुढे निघून गेले. कोणाला लागलं नाही. बयनाबाईला आहेराच्या गाठोड्याने वाचवलं.

मागून वऱ्हाडाचा टेम्पो आला, माणसं धावली. चंपतराव आला. बयनाबाई गाडीतून उतरली ती ओरडतच. "मारलं असतं वो आमाले! याच्या अंगाचा वास घ्या आधी!"

आणि वास होता. फडकं खांद्यावर होतं, हात त्याच तेलाने भिजलेले होते, शर्टावर थेंब होते. स्पिरिटसारखा उग्र, नाकात चढणारा वास. चंपतरावने जवळ येऊन हुंगलं. चंपतरावचं नाक या कामात जुनं आणि अनुभवी, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यामुळे त्याने मान हलवली तेव्हा कोणालाच दुसरं मत विचारावंसं वाटलं नाही.

"भगवान, तूबी?" एवढंच तो म्हणाला, आणि नवरदेवाला टेम्पोत चढवून वऱ्हाड निघून गेलं.

भगवानराव शेतात उभा राहिला. पंचवीस माणसांसमोर त्याला एक वाक्य बोलता आलं असतं. ते सुचलं तेव्हा टेम्पो पुलाच्या पलीकडे गेला होता.

गाडी बाहेर काढल्यावर त्याने चाकाच्या आत बोट घालून पाहिलं. ब्रेकची लोखंडी चकती पकडून चाक थांबतं, हे त्याला माहीत होतं. बोट तेलकट निघालं. टायरवर हात फिरवला, तोही तेलकट. साबणाच्या पाण्याने चारही चाकं आतून बाहेरून धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग गाडी सावकाश चालवत ब्रेक दाबून पाहिले. थोड्या वेळाने गाडी शहाण्या मुलीसारखी जागच्या जागी उभी राहायला लागली. काय झालं ते त्याला कळलं. आता दुसऱ्यांना कळवायचं होतं, आणि ते काम त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

गावात गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. ज्याने कधी घेतली नाही त्याने घेतली म्हणजे किती घेतली असेल, याचा हिशोब ओट्याओट्यावर सुरू झाला. कोणी म्हणालं, लपून घ्यायचा. कोणी म्हणालं, म्हणूनच बोलत नव्हता, तोंड उघडलं तर वास येईल ना. ज्यांनी पुढच्या तारखा सांगून ठेवल्या होत्या, ते एकेक करून आले. सगळे चहा पिऊन गेले आणि जाताना म्हणून गेले की पोराच्या मामाची गाडी मिळतेय, तुमाले कायले तरास.

लग्न उरकल्यावर मारुतीच्या पारावर बसणं झालं. चंपतरावला भरपाई नको होती, खुलासा हवा होता. भगवानराव हातात ती बाटली घेऊन गेला. "हे चाकाले लावलं. ब्रेकले लागलं. म्हणून घसरली. साडूनं देल्लं, त्याले इचारा. मी कायी घेतली नाई."

सुधाकरला फोन गेला आणि तो खरंच आला, मोटारसायकलवर, इस्त्रीच्या शर्टात. भगवानरावचा जीव भांड्यात पडला. आता हा बोलेल. हा बोलला की झालं.

सुधाकरने बाटली हातात घेतली, उजेडात धरली, नाकाशी नेली, नाक मुरडलं.

"असा माल माया दुकानात नसते चंपतरावजी. माया दुकानात सारं सीलबंद. येऊन पाहा कवाबी." मग तो भगवानरावच्या शेजारी बसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, पण एवढा खाली नाही की कोणाला ऐकू जाऊ नये. "साडूभाऊ लय सज्जन माणूस हाय. थंडीचे दिवस, पहाटचं उठणं... एखाद्या बारीनं झालं असन. माणूसच हाय. तुमी मोठ्या मनाचे, सोडून द्या."

पारावर सगळ्यांनी मान हलवली. किती भला साडू! एवढं होऊनही बाजू घेतोय. चंपतरावने तर त्याला चहाला घरी नेलं.

खांद्यावरचा हात निघून गेला तरी भगवानराव तसाच बसून होता. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या हाताचं वजन मायेचं होतं, आणि त्याखालून त्याचं नाव कोणी काढून नेलं हे लोकांना कसं सांगायचं? त्याने हंसुद्धा म्हटलं नाही. न बोलणाऱ्या माणसाचं गप्प बसणं म्हणजे कबुली, असं लोकांनी धरून टाकलं.

घरी रेणुकाबाई बहिणीच्या नवऱ्याला काही बोलेना आणि आपल्या नवऱ्यालाही काही बोलेना. बोलक्या बाईचं घर गप्प झालं की शेजाऱ्यांची फार पंचाईत होते. संध्याकाळी तिने ताट वाढलं. भाकरी ठेवताना ती वाकली, नेहमीपेक्षा जरा जास्त वाकली, त्याच्या तोंडाजवळ आली आणि श्वास आत घेतला.

भगवानरावने ते पाहिलं. तिनेही पाहिलं की त्याने पाहिलं. ती झटकन उठली आणि चुलीकडे तोंड करून बसली. भाकरी ताटात तशीच राहिली.

सकाळी तो गाडी घेऊन आदिलाबादला गेला.

दुकानात गिऱ्हाईक होतं. हैदराबादकडचं नवरा-बायकोचं जोडपं, बाहेर त्यांची नवीकोरी लाल गाडी. टांगलेल्या सीटकव्हरांच्या मागे भगवानराव उभा राहिला. लपला नव्हता. पण सुधाकर बोलत असला की दुसऱ्याने थांबायचं, ही त्याची जुनी सवय.

सुधाकर हिंदीत त्या बाईला सांगत होता, आणि काय समजावून सांगत होता! "मॅडम, पहियों पर एसिडवाला मत लेना, चमक दो दिन की, बाद में दाग." ही घ्या, म्हणाला, साध्या शाम्पूसारखी सौम्य आहे, धातूला खात नाही. चाक गरम असताना लावू नका, सावलीत गार होऊ द्या. चाकाची बादली आणि फडकं वेगळं ठेवा, त्याच फडक्याने गाडी पुसली तर रंगावर ओरखडे येतात. पहिल्यांदा कोपऱ्यात थोडं लावून पाहा. आणि टायरला चमक हवी तर ही पाण्यातली घ्या, तेलातली नको, तेलाने रबर तडकतं. स्पंजवर घ्या, टायरच्या बाजूला लावा आणि जास्तीचं पुसून टाका. मग त्याने बोट वर केलं. "ज़मीन को लगनेवाले हिस्से पे बिलकुल नहीं, और ब्रेक पे एक बूँद नहीं. गाड़ी फिसलेगी, जान जाएगी."

नवऱ्याने विचारलं, खुलं काही स्वस्तात मिळतं का. सुधाकरने दोन्ही कानांना हात लावले. "खुला माल हम रखते ही नहीं साहब."

जोडपं बाटल्या घेऊन गेलं. सुधाकर हसत वळला, आणि सीटकव्हरांमध्ये त्याला साडू दिसला.

"अरे! साडूभाऊ! कवा आले? बसा, चहा सांगतो."

"तुले ठाऊक होतं," भगवानराव म्हणाला.

"काय?"

"सप्पा. जमिनीचं, ब्रेकचं. तुले ठाऊक होतं. मी इचारलं होतं तुले, टेकते तिथंबी लावू का. तू लाव म्हन्ला."

सुधाकरने गल्ल्यावरचा देव उगाच सरळ केला. "आता बोलता बोलता माणूस म्हन्ते साडूभाऊ. मले वाटलं, तुमी थोडंसं लावसान."

"त्या बाईले बोट दाखवून सांगतलं."

"ते गिऱ्हाईक हाय ना! उद्या कायी झालं तर भांडाले येते, पोलिसात जाते. तो ड्रम एक फिरता माणूस गळ्यात मारून गेल्ता. दुकानात ठेवता येईना, फेकवत नव्हतं. घरच्या माणसाले देल्ला तर घरचा माणूस सांभाळून घेते."

हे तो अगदी सरळ मनाने बोलला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नसावं.

"अन पारावर?"

"पारावर खरं सांगतलं असतं तर बेल्याचा एक माणूस दुकानात येता का? तुमचं काय बिघडलं? तुमी पेत नाई हे साऱ्याइले ठाऊक हाय. चार दिस बोलतेत अन विसरतेत."

भगवानराव दाराकडे वळला. मग म्हणाला, "रेणुकानं माया तोंडाचा वास घेतला." आणि बाहेर आला.

सुधाकर पायऱ्या उतरून मागे धावला. डोळ्यांत पाणीही होतं, खरं की काय ते त्यालाच माहीत. रविवारी येतो म्हणाला. पारावर सगळ्यांसमोर सांगतो, सुवर्णाची शपथ घेतो, चंपतरावला बोलावून ठेवा. भगवानरावने रविवारी चंपतरावला पारावर बोलावलं. चंपतराव आला, पाठोपाठ बयनाबाई आली, आणि मग गल्ली आपोआप आली, तिला बोलवावं लागत नाही. रेणुकाबाईने बहिणीचा नवरा येणार म्हणून पोहे भिजवले. वाट पाहून पाहून पोह्यांचा लगदा झाला. फोन लावला तर सुवर्णाने उचलला. "पाव्हणे आले ना बाई," ती म्हणाली, आणि तिने घाईने फोन ठेवला.

लोक उठायला लागले. तेव्हा भगवानराव पारासमोरच्या आपल्या घरात गेला आणि बाहेर आला तो एक फळी, जुन्या टायरचे दोन तुकडे आणि ती बाटली घेऊन. चंपतरावच्या नाकाशी त्याने ते जुनं फडकं धरलं. "हाच वास होता?"

चंपतरावने हुंगलं. थांबून पुन्हा हुंगलं. "हो ना लेका. हाच."

फळी पारावर तिरपी लावून भगवानरावने तिच्यावर पाणी ओतलं. टायरचा कोरडा तुकडा ठेवला, तो राहिला. दुसऱ्याला बाटलीतलं तेल चोळून ठेवला, तो सरकत खाली आला आणि चंपतरावच्या पायावर पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"फळीचं काय सांगतं, फळी तुयी हाय," बयनाबाई म्हणाली. "माया चपलेले लाव."

भगवानरावने नको म्हणून पाहिलं. बयनाबाईने ऐकलं नाही. तिने स्वतःच्या हाताने चपलेच्या तळाला तेल चोळलं, पाराच्या ओल्या फरशीवर रुबाबात पाय ठेवला, आणि दोन बायांनी तिला मधल्या मध्ये धरली नसती तर त्या दिवशी मारुतीला बयनाबाईचं लोटांगण पडलं असतं. अख्खा पार हसला. बयनाबाई बायांना लोंबकळतच ओरडली, "नाई घेतली वो यानं! नाई घेतली! भगवान, माया तोंडात किडे पडो!"

असं त्याचं नाव परत आलं. चंपतरावने सगळ्यांसमोर हात जोडले. संध्याकाळपर्यंत ओट्याओट्यावर सगळे सांगत होते की आपल्याला पहिल्यापासून शंका होती. तारखाही परत आल्या. साडूचा विषय निघाला की लोक त्याच्याकडे बघायचे, काहीतरी शिव्या देईल म्हणून. तो गाडी पुसत राहायचा. आता कपाटातली बाटली, वेगळी बादली, मऊ ब्रश, टायरच्या बाजूपुरता स्पंज. पूर्वीइतकी चमक नसायची. एका करवलीने तसं म्हटलंसुद्धा. त्याने हं म्हटलं.

रेणुकाबाई आता पुन्हा बोलायला लागली होती, पण ताट वाढताना ती हात लांब करून वाढायची, वाकायची नाही.

उन्हाळा लागला तेव्हा सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उटनूरच्या रस्त्यावर सासुरवाडी. दोन्ही बहिणी नवऱ्यांना घेऊन भेटायला गेल्या. सुधाकर नेहमीसारखाच होता. सासूच्या डोळ्यांत थेंब त्यानेच घातले, सासऱ्याला त्यानेच हसवलं, आणि भगवानरावला ताटावर आग्रह करून वाढलं. एवढ्या सहज की काही झालंच नव्हतं की काय, असं भगवानरावला क्षणभर वाटून गेलं. दुपारी सुधाकर-सुवर्णाची बस चुकली. सुवर्णाने खाली बघत विचारलं, "भाऊजी, आदिलाबादपर्यंत सोडसान आमाले?"

"चाल ना," भगवानराव म्हणाला. तिच्यावर त्याचा राग नव्हता.

सुधाकर हसत पुढे आला आणि पुढचं दार उघडायला लागला, इतकी वर्षं तो साडूच्या शेजारी पुढेच बसायचा. भगवानराव फिरून आला. त्याने पुढचं दार हळूच लोटून बंद केलं आणि मागचं उघडून धरलं, भाड्याच्या माणसासाठी धरतो तसं, अदबीने.

"मागं बसा. पुढं घरचे बसतेत."

सुधाकरचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तो मागे बसला. रेणुकाबाई पुढे बसली.

रस्ताभर सुधाकरने दोनदा विषय काढला. एकदा उन्हाचा, एकदा रस्त्याचा. दोन्ही वेळा भगवानरावने "होय जी" म्हटलं, जसं कोणत्याही प्रवाशाला म्हणतो. मग आरशाला हात लावून त्याने तो थोडा वर फिरवला. आता त्यात मागच्या काचेतून रस्ता तेवढा दिसत होता.

दुकानापाशी गाडी थांबली. "चहा तरी घ्या साडूभाऊ," सुधाकर खाली उतरून म्हणाला. या वेळी आवाजात साखर नव्हती, नुसता आवाज होता.

"भाडं हाय," भगवानराव म्हणाला.

भाडं नव्हतं. रेणुकाबाईला ते माहीत होतं. तिने काही सांगितलं नाही. सुवर्णा उतरून पुढच्या खिडकीशी आली होती आणि तिने मोठ्या बहिणीचा हात दोन्ही हातांत धरला होता. सुधाकर पायरीवर उभा होता, आत जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं. गाडीचं इंजिन चालू होतं. सुवर्णाने हात सोडेपर्यंत भगवानराव समोर बघत थांबला. मग त्याने गाडी काढली.